ठिसूळ हाडे, मज्जारज्जूची दुखापत आणि ॲक्युपंक्चरची जोड

मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ गोष्टी शिकवल्या जातात. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लघवीसाठीची नळी म्हणजे कॅथेटर स्वच्छ कसा ठेवायचा, पोट साफ होण्याची वेळ कशी बांधून घ्यायची, सांधे आखडू नयेत म्हणून पाय कसे हलवायचे, हे सारे नीट समजावले जाते. हाडांचा विषय या शिकवणीत बहुधा अगदी शेवटी येतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो राहूनच जातो. माझ्यापुढे तो आला तेव्हा माझ्या मांडीचे हाड मोडलेले होते.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. आंब्याच्या काढणीच्या दिवसांत कलमावरून पडलो आणि पाठीचा नववा मणका (डी-९) चुरला. शस्त्रक्रियेत त्याच्या वरच्या आणि खालच्या मणक्यांत स्क्रू आणि सळ्या बसवून पाठ स्थिर केली, परंतु बेंबीच्या किंचित वरपासून खाली ना संवेदना राहिली, ना हालचाल. उंचावरून पडणे हे आपल्याकडे मज्जारज्जूच्या दुखापतीचे फार मोठे कारण आहे, आणि आंबा, नारळ, सुपारीवर जगणाऱ्या आमच्या मुलखात अशा घरांची ओळख शोधायला लांब जावे लागत नाही. पुढील उपचारांसाठी मी आणि माझी पत्नी पुण्याला थोरल्या भावाकडे राहू लागलो.

दुखापतीनंतरच्या दुसऱ्या वर्षी पलंगावरून व्हीलचेअरवर बसताना माझा उजवा पाय फूटरेस्टमागे अडकला आणि वळला. पडलो नाही, आवाज झाला नाही, आणि वेदना होण्याचा तर प्रश्नच नव्हता. संध्याकाळी गुडघा गरम आणि सुजलेला दिसला, आणि पायांना येणारे झटके, ज्यांना आम्ही सगळे स्पॅझमच म्हणतो, एकाएकी वाढले. जवळच्या दवाखान्यात आधी शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेतली गेली, जी अशा सुजेत घेणे योग्यच असते. तो तपास निर्दोष आल्यावर एक्स-रे काढला, तेव्हा गुडघ्याच्या लगेच वर मांडीचे हाड मोडलेले आढळले. संवेदना नसलेल्या कातडीवर घट्ट प्लास्टर घातले की आत जखम होऊनही कळत नाही, म्हणून मऊ गादीच्या आधारपट्टीत पाय ठेवला गेला आणि हाड सावकाश जुळले.

त्या वेळी पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांनी जे समजावले, ते मी इथे सविस्तर लिहितो, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. हाड ही जिवंत गोष्ट आहे आणि शरीराचा भार तसेच स्नायूंची ओढ या दोन्हींवर ते टिकून असते. हाडातल्या पेशींना हा भार जाणवला नाही की त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात सोडतात, त्यामुळे नवे हाड घडण्याचे काम मंदावते आणि दुसरीकडे हाड झिजवणाऱ्या पेशींचे काम वाढते. निघालेले कॅल्शियम रक्तावाटे मूत्रपिंडात जाते, म्हणून आमच्यासारख्यांना सुरुवातीच्या काळात मूतखड्यांचाही त्रास होतो. मज्जातंतूंचा हाडाशी असलेला संबंध तुटणे हेही एक कारण आहे, त्यामुळे नुसत्या अंथरुणाला खिळलेल्या माणसापेक्षा मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाचे हाड अधिक वेगाने जाते. गुडघ्याजवळच्या जाळीदार हाडात हा ऱ्हास पहिल्या काही महिन्यांत दरमहा २ ते ४ टक्क्यांच्या गतीने होऊ शकतो, आणि दोन-तीन वर्षांत तिथली घनता जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. कंबरेच्या मणक्यांचे मात्र तसे होत नाही, कारण व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या धडाचा भार त्यांच्यावर पडतच राहतो.

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी बाहेर सर्वत्र कंबर आणि खुबा या दोन जागी करण्याची पद्धत आहे. माझ्या कंबरेचा आकडा जवळपास सामान्य होता, आणि ज्या हाडाने दगा दिला होता ते गुडघ्याचे हाड त्या अहवालात नव्हतेच. मज्जारज्जूच्या दुखापतीत खुब्याबरोबर गुडघ्याच्या वरचे आणि खालचे हाडही मोजावे, अशी हाडांच्या घनतेचे काम पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१९ सालची शिफारस आहे. ती सोय असलेले केंद्र शोधावे लागले. तपासणीच्या वेळी पाय ताणून स्थिर धरणे अवघड असते. तंत्रज्ञाने दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले, मधेच स्पॅझम आल्याने पहिली प्रतिमा फसली, आणि पाय शांत होईपर्यंत थांबून त्यांनी ती न कुरकुरता पुन्हा घेतली. गुडघ्याचा आकडा पाहिल्यावर डॉक्टरांनी तो कागद टेबलावर उलटा ठेवला आणि आधी उपचारांबद्दलच बोलायला सुरुवात केली.

मुख्य उपचार आधुनिक वैद्यकाचेच होते आणि आजही आहेत. रक्तातले ड जीवनसत्त्व फार कमी निघाले, म्हणून ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा देऊन आधी ते भरून काढले. दातांची तपासणी करून घेतली, मूत्रपिंडाचे काम नीट आहे हे पाहिले, आणि नंतर झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारे, ५ मिलिग्रॅमचे वर्षातून एकदा द्यायचे औषध शिरेतून दिले. दुसऱ्या दिवशी फ्लूसारखा ताप आला. पहिल्या मात्रेनंतर तो पुष्कळांना येतो आणि पॅरासिटामॉलने उतरतो. हे औषध खुब्याचे हाड चांगले राखते, परंतु गुडघ्याजवळ त्याचा परिणाम तितका खात्रीचा दिसत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट केले होते. उरलेल्या या फटीतूनच ॲक्युपंक्चरचा विचार आमच्या घरात शिरला.

सुचवले वहिनींनी. त्यांच्या गुडघेदुखीला त्याने आराम पडला होता. प्रथम आम्ही ज्या ठिकाणी चौकशी केली, तिथे सुयांनी हाडे पूर्ववत भरून निघतील आणि इंजेक्शनची गरज उरणार नाही, असे सांगण्यात आले. मोडलेल्या मांडीचा एक्स-रे हातात असताना हे ऐकणे मला सहन झाले नाही, आणि हेच वाक्य ऐकून कुणी आपले औषध बंद केले असेल या विचाराने आजही माझा जीव खालीवर होतो. तिथून आम्ही परतलो.

माझ्या डॉक्टरांनी मात्र हा विषय उडवून लावला नाही. त्यांचे म्हणणे असे होते की बेंबीच्या रेषेत पट्टा आवळल्यासारखी जी जळजळ मला होते आणि रात्री जे स्पॅझम येतात, त्यांच्यासाठी ॲक्युपंक्चर करून पाहण्यास हरकत नाही. हाडांसाठी ते करायचे असेल तर केवळ जोड म्हणून करावे, आणि इंजेक्शन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांपैकी काहीही बंद होता कामा नये. चीनमध्ये मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरच्या हाडझिजेवर ॲक्युपंक्चर वापरून काही लहान अभ्यास झाले आहेत आणि त्यांत घनता सुधारल्याचे निष्कर्षही आहेत, परंतु रुग्णांची संख्या थोडी आणि पाठपुरावा थोडक्या काळाचा असल्याने त्यावर हाडांचा भरवसा टाकता येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. उंदरांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष तर माणसाच्या गुडघ्याला जसेच्या तसे लावताच येत नाहीत. मला हा सल्ला पटला, कारण त्यात आशा होती आणि तिची मर्यादाही सांगितलेली होती.

महाराष्ट्रात या शास्त्राला २०१५ च्या स्वतंत्र कायद्याने मान्यता मिळाली आहे आणि चिकित्सकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे, त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारणे हा आमचा पहिला प्रश्न असे. या पद्धतीशी आपले नाते तसे जुने आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. मला ज्या बाई लाभल्या, त्यांच्या खोलीत कोटणिसांचा फोटो होता, आणि पाठीच्या दुखापतीचे रुग्ण त्यांनी याआधी पाहिलेले होते. माझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती.

पहिल्या भेटीत त्यांनी सुईला हातच लावला नाही. दोन्ही पायांचे मोजे काढायला सांगितले, टाचा, घोटे, गुडघ्यांच्या मागची बाजू, माकडहाड असे सगळे निरखून पाहिले, दोन्ही पिंढऱ्यांचा घेर टेपने मोजून लिहून घेतला, रक्त पातळ करणारे औषध चालू आहे का हे विचारले, आणि डॉक्टरांची चिठ्ठी पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, “दादा, तुमच्या पायांना शेक द्यायचा नाही, मोक्सा नाही, लाल दिवाही नाही. तुम्हाला चटका बसला तर तुम्हाला कळणार नाही आणि मला उशिरा कळेल.” मोक्सा म्हणजे वाळलेल्या वनस्पतीची जळती वात बिंदूजवळ धरून दिलेली ऊब. ॲक्युपंक्चरच्या खोलीत सुयांबरोबर उष्णतेचा दिवा लावण्याची पद्धतही सर्रास आहे. संवेदना नसलेल्या माणसाने आणि त्याच्या सोबतच्या माणसाने ही एक गोष्ट आधीच ठामपणे सांगून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. भाजलेली जखम आमच्या कातडीवर महिनोन् महिने भरत नाही.

चिनी वैद्यकाच्या मते हाडांचे पोषण मूत्रपिंडाकडे असते आणि मज्जा व हाड यांचे विशेष बिंदू शरीरावर ठरलेले आहेत. आपल्याकडचे चिकित्सक ते आकड्यांनी ओळखतात. यूबी ११ हा हाडांचा बिंदू मानेच्या खाली, पहिल्या पाठीच्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना. यूबी २३ कंबरेत. जीबी ३९ हा मज्जेचा बिंदू बाहेरच्या घोट्याच्या वर. एसटी ३६ गुडघ्याच्या चार बोटे खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. यांतला यूबी ११ तेवढा माझ्या दुखापतीच्या वर येतो. तिथे खाली फुप्फुस असल्याने बाई सुई तिरपी आणि उथळ घालत, आणि मला आत जड, ओढल्यासारखे लागे. बाकीच्या सुया केव्हा लागल्या हे मला डोळ्यांनीच कळे. प्लॅस्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवायची, सुईच्या डोक्यावर बोटाने हलकी टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत सुई सावकाश फिरवत आत न्यायची. एसटी ३६ ला सुई गेली की माझ्या नकळत पाऊल थरथरत वर उचलले जाई. तो स्नायूचा प्रतिसाद होता; पाय जागे झाल्याचे ते लक्षण नव्हे, हे बाईंनी पहिल्याच वेळी स्पष्ट सांगितले, कारण शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले होते.

सुया लावल्यावर स्पॅझम आला तर सुई वाकू शकते, म्हणून पायाला त्या लांब सुया लावत नसत आणि खोली सोडून जात नसत. सुया काढताना स्टीलच्या ट्रेमध्ये एकेक मोठ्याने मोजत. लावलेल्यांचा आकडा पत्नीने कागदावर लिहिलेला असे. संवेदना असलेल्या माणसाच्या अंगात सुई राहिली तर तो सांगेल, माझ्या बाबतीत ती मोजणीच सांगणार. काही बिंदूंना विद्युतप्रवाहही देत, परंतु पाठीतल्या सळ्यांच्या आसपास नाही.

या सगळ्यात सुयांची भीती मला कधी वाटली नाही. भीती होती ती तपासणीच्या टेबलावर चढण्या-उतरण्याची. कंबरेतल्या बिंदूंसाठी पालथे व्हावे लागते आणि पालथे होताना मांडी पिळली जाण्याचा धोका सर्वांत मोठा. जे हाड फूटरेस्टला अडकून मोडले, ते पाय धरून ओढल्यानेही मोडू शकत होते. दवाखान्याचे टेबल व्हीलचेअरपेक्षा बरेच उंच होते, मदतनीस उत्साही होता, आणि उत्साहात पायाच्या घोट्याला धरून पाय वळवण्याकडे त्याचा कल होता. माझ्या फिजिओथेरपिस्टने एकदा सोबत येऊन सर्वांना पद्धत घालून दिली : दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, एकाने खांदे आणि एकाने मांड्या खालून धरायच्या, धड आणि पाय एकदम एका लाकडासारखे वळवायचे, घोटा धरून काहीही ओढायचे नाही. पालथे झाल्यावर नडगीखाली उशी, म्हणजे पावले टेबलाच्या कडेला दाबली जात नाहीत. आणि वीस-पंचवीस मिनिटांहून अधिक वेळ एका स्थितीत ठेवायचे नाही. ठिसूळ पायांच्या माणसासाठी ॲक्युपंक्चरची जोखीम कुठे आहे असे मला कुणी विचारले, तर मी आधी टेबलाची उंची विचारतो.

काही आठवड्यांनी बैठकीनंतरच्या रात्री स्पॅझम कमी येऊ लागले. हा आराम पूर्ण एक-दोन दिवस टिके आणि मग ओसरे. पट्टा आवळल्यासारखी जळजळ गेली नाही, परंतु तिची धार बोथट झाली आणि मी रात्री सलग झोपू लागलो. झोप लागल्यामुळे सकाळी व्यायामाला अंगात बळ राहू लागले, आणि उभे राहण्याच्या फ्रेममध्ये मी अधिक नियमित उभा राहू लागलो. फ्रेममध्ये उभे राहून गेलेले हाड परत मिळते असे मानायला फारसा आधार नाही, पण आतड्यांना, श्वासाला आणि आखडलेल्या खुब्यांना त्याचा उपयोग होतो.

आणि हाडे? वर्षानंतर त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा केली. खुब्याचा आकडा किंचित वर गेला होता आणि गुडघ्याचा जवळपास आहे तिथेच होता. घरात आनंद झाला आणि वहिनींनी श्रेय अर्थातच सुयांना दिले. डॉक्टरांनी समजावले की यंत्राच्या मोजणीतच थोडा फरक पडतो आणि त्या मर्यादेच्या आतला बदल हा बदल मानता येत नाही. शिवाय दुखापतीला काही वर्षे झाली की ऱ्हासाचा वेग आपोआपही मंदावतो, आणि इंजेक्शन तर चालूच होते. एकाच माणसाच्या एका वर्षाच्या आकड्यांतून सुईचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि मी तो काढायला जात नाही. विद्युतप्रवाहाने स्नायू आकुंचन पावतो म्हणून हाडाला ओढ मिळत असेल, असा तर्क मीही केला होता. परंतु पायाच्या स्नायूंना विजेने आकुंचित करून चालवायच्या ज्या सायकलने गुडघ्याजवळच्या हाडात थोडी वाढ झालेली दिसते, तिच्यात स्नायू आठवड्यातून कित्येक तास जोराने काम करत असतात, आणि ती बंद केली की मिळालेले हाडही निघून जाते. पिंढरीच्या नाजूक थरथरीकडून तेवढी अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही.

या बैठकांचे एक मोल मात्र मला आधी कुणी सांगितले नव्हते. ज्यांना पाय जाणवत नाहीत, त्यांचे पाय कुणीतरी नियमाने, उजेडात, दोन्ही हातांनी तपासावे लागतात. एकदा सुया लावण्याआधी बाईंनी डाव्या पिंढरीचा टेप दोनदा फिरवला, वहीतला आधीचा आकडा पाहिला आणि सुयांचे पाकीट न फोडताच परत ठेवले. “वहिनी, आज आधी एक्स-रे करून या,” त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली होती. केव्हा, कशाने, ते कळले नाही. चीर वेळेत सापडल्यामुळे आधारपट्टीवरच निभावले. एसटी ३६ हा बिंदू नेमका त्या जागेलगत येतो. हाड पूर्ण जुळून डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत त्या पायाला सुई लावायची नाही, हे बाईंनी स्वतःहून ठरवले.

त्यानंतर आम्ही व्यवस्था बदलली. बाई आता पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात, दर बैठकीचे पैसे थोडे जास्त पडतात, पण माझा पलंग व्हीलचेअरच्या उंचीचाच करून घेतलेला असल्याने टेबलावर चढणे-उतरणे संपले. कंबरेतले बिंदू त्या कुशीवर झोपवून घेतात, पालथे होणे केवळ फिजिओथेरपिस्ट असताना होते. फूटरेस्टला मागून रुंद पट्टा लावला आहे, जेणेकरून पाय मागे घसरत नाही. इंजेक्शनची पुढची मात्रा द्यायची की काही काळ थांबायचे, हे येत्या डेक्सानंतर ठरणार आहे, आणि त्या तपासणीच्या कागदावर गुडघ्याची जागा डॉक्टरांनी आत्ताच लाल शाईने लिहून दिली आहे.